जामखेडचा स्वस्तपणा उचलला, समता टाकून दिली

६ मे २०२५ रोजी महाराष्ट्राचे मंत्रिमंडळ जामखेड तालुक्यातील चौंडी येथे बैठकीस बसले. निमित्त होते अहिल्याबाई होळकर यांच्या जन्माच्या त्रिशताब्दीचे. चौंडी हे त्यांचे जन्मगाव. आदल्याच वर्षी अहमदनगर जिल्ह्याचे नाव बदलून अहिल्यानगर करण्यात आले होते. आता सारे मंत्रालयच एका दिवसापुरते त्यांच्या अंगणात येऊन उतरले. जिल्ह्यासाठी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा निर्णय याच बैठकीत झाला. महाविद्यालय हवेच होते. ज्या जिल्ह्यात साखरेच्या सहकारातून १९८४ सालीच लोणी येथे खासगी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे राहू शकले, त्या जिल्ह्याला सरकारी महाविद्यालयाच्या निर्णयासाठी पुढची चाळीस वर्षे वाट पाहावी लागली. अशा निर्णयाबद्दल अभिनंदनाचे ठराव करण्यापेक्षा विलंबाचा खुलासा मागणे अधिक उचित ठरेल.

परंतु खुलासा मागावा अशी याहून मोठी गोष्ट चौंडीच्या शेजारीच आहे. त्याच तालुक्याच्या गावी, जामखेड येथे, १९७० साली सार्वजनिक आरोग्याचा एक प्रयोग सुरू झाला. दूरदूरच्या देशांतील डॉक्टर आणि आरोग्याधिकारी तो पाहण्यास व शिकण्यास आले. जिल्ह्याच्या दुसऱ्या, वायव्येकडील टोकाला अकोले तालुक्याचा डोंगराळ मुलूख आहे. पावसाळ्यात रस्ता तुटला की आजाऱ्याला वा अडलेल्या बाईला झोळीत घालून खाली आणण्याखेरीज गत्यंतर नाही, अशा तेथील महादेव कोळी आणि ठाकर यांच्या वाड्या. एकाच जिल्ह्याची ही दोन टोके. एका टोकावरून जगाने धडा घेतला. दुसऱ्या टोकापर्यंत तो धडा जिल्ह्यातल्या जिल्ह्यात पोहोचू शकला नाही.

उपाय ठाऊक नव्हता, असे सरकारला म्हणता येणार नाही. उपाय याच मातीत सापडला होता. सरकारने तो न्याहाळला, त्याची किंमत विचारली, त्यातला स्वस्तपणा तेवढा उचलला आणि समता तेथेच टाकून दिली. आदिवासी आणि दुर्बल समाजघटकांच्या आरोग्याची आजची दुर्दशा समजून घ्यायची असेल तर हा व्यवहार नीट तपासला पाहिजे.

जामखेडने काय सिद्ध केले

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य जामखेडला आले तेव्हा तो भाग दुष्काळाचा, कुष्ठरोगाचा आणि बालमृत्यूंचा होता. वेल्लोर येथे वैद्यकीय शिक्षण व पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतलेल्या या दोघांना शहरात सुखाने व्यवसाय करता आला असता. त्यांनी प्रारंभी प्रशिक्षित परिचारिकांना खेड्यात ठेवण्याचा यत्न केला. तो साधला नाही. तेव्हा गावातल्याच बायका निवडण्यात आल्या. त्यांतील बहुतेक निरक्षर, अनेक दलित, काही परित्यक्ता. आठवड्यातून एकदा जामखेडला यायचे, शिकायचे, गावी जाऊन शिकवायचे. बाळंतपण सुरक्षित कसे करावे, जुलाबात मुलाला मीठ-साखरेचे पाणी कसे पाजावे, क्षयाचा आणि कुष्ठरोगाचा रोगी लवकर कसा ओळखावा, कोणाला तातडीने दवाखान्यात न्यावे, हे ज्ञान डॉक्टरच्या कपाटातून निघून गावकुसाबाहेरच्या झोपडीत गेले.

प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे प्रारंभी या भागात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १७६ मुले वर्षाच्या आत मरत होती. दोन दशकांत हा आकडा २० च्या आसपास आला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली लोकांच्या सहभागातून उभ्या राहिलेल्या आरोग्यसेवेची जी मोजकी उदाहरणे जगापुढे ठेवली, त्यांत जामखेड होते. १९७८ साली सोव्हिएत संघातील अल्मा-आता येथे राष्ट्रांनी प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा स्वीकारला आणि '२००० सालापर्यंत सर्वांना आरोग्य' असे उद्दिष्ट ठरविले, त्यामागील विचारात जामखेडच्या अनुभवाचाही वाटा होता. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

एवढे बहुतेकांना ठाऊक असते. जे सांगितले जात नाही ते हे की या प्रयोगात तीन गोष्टी एकमेकींत गुंफलेल्या होत्या. पहिली, आरोग्यसेविका ही गावाला जबाबदार होती. वरून आलेल्या साहेबाच्या वहीला नव्हे. दुसरी, तिच्या पाठीशी परिचारिका, फिरते पथक, डॉक्टर आणि शस्त्रक्रिया करू शकणारे रुग्णालय अशी अखंड साखळी होती. तिने पाठविलेला रोगी दारातून परत जात नव्हता. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, पाणी, अन्न आणि जात हे आरोग्याचेच प्रश्न मानले गेले. पिण्याच्या पाण्याच्या कूपनलिका घेताना त्या दलित वस्तीत घेतल्या गेल्या, म्हणजे सवर्णांना पाण्यासाठी तेथे यावे लागेल. ज्या बाईच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, तिच्या हाताने गावातली बाळंतपणे होऊ लागली. रोग जंतूंमुळे होतो हे खरे, पण तो जंतू कोणाच्या घरात शिरणार हे समाजव्यवस्था ठरविते. जामखेडची लस होती ती या दुसऱ्या रोगावर. या तिन्हींतील एक धागा उपसला की सारे वस्त्र उसवते. आणि सरकारने नेमके तेच केले.

सरकारने काय उचलले

या इतिहासाचा एक अध्याय समाजवादी कार्यकर्त्यांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा असा आहे. १९७७ साली केंद्रात जनता पक्षाचे सरकार आले आणि समाजवादी चळवळीतून आलेले राजनारायण आरोग्यमंत्री झाले. त्याच वर्षी गांधीजयंतीच्या दिवशी त्यांनी जनस्वास्थ्य रक्षकांची देशव्यापी योजना सुरू केली. दर हजार वस्तीमागे एक रक्षक, तीन महिन्यांचे प्रशिक्षण, महिना ५० रुपये मानधन आणि थोडी औषधे. लोकांचे आरोग्य लोकांच्या हाती सोपविण्याची घोषणा त्यामागे होती. हेतू निःसंशय उदात्त होता. परंतु गावातील सत्तासंबंध न बदलता गावाच्या हाती काही सोपविणे म्हणजे ते गावच्या पाटलाच्या, सरपंचाच्या हाती सोपविणे होय, हे सत्य दृष्टीआड झाले. निवड झाली ती प्रामुख्याने पुरुषांची, आणि अनेक ठिकाणी गावच्या पुढाऱ्यांच्या मर्जीतल्या माणसांची. ज्यांच्या घरी बाळंतिणी मरत होत्या त्यांच्या घरातून रक्षक निवडला गेला नाही. जनता राजवट गेली, योजनेची नावे बदलत गेली, १९८१ च्या अखेरीस ती कुटुंबकल्याण कार्यक्रमाच्या दावणीला बांधली गेली आणि हळूहळू निष्प्राण झाली.

तोपर्यंत जगातही वारे फिरले होते. अल्मा-आताच्या जाहीरनाम्याला वर्षही लोटले नाही तोच सर्वांगीण आरोग्य परवडणारे नाही, मोजके स्वस्त उपाय निवडावेत, असा युक्तिवाद पाश्चात्य तज्ज्ञांनी सुरू केला. १९९३ साली जागतिक बँकेने आरोग्यात गुंतवणुकीची भाषा आणली आणि गरीब राष्ट्रांच्या सरकारांना निवडक सेवांपुरतेच हात आखडून बसण्याचा सल्ला मिळाला. २००० साल आले आणि गेले. सर्वांना आरोग्य मिळाले नाही, म्हणून कोणत्याही मंत्र्याने राजीनामा दिला नाही.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून 'आशा' आली. आज देशात सुमारे दहा लाख आशा आहेत. पुरुष रक्षकाऐवजी गावची बाई निवडली गेली, हा धडा तेवढा सरकारने घेतला. पण तिला कर्मचारी म्हटले नाही. ती स्वयंसेविका. बाळंतपणासाठी बाई दवाखान्यात नेली की इतके, लसीकरण पूर्ण झाले की तितके, असा तिच्या श्रमाचा नगावर हिशेब. विटा पाडणाऱ्या मजुराला नगावर मजुरी मिळते. सरकारने माणसांच्या जन्माला तोच दर लावला. २०१३ साली भारतीय श्रम परिषदेने योजनांवर काम करणाऱ्या या स्त्रियांना कामगार म्हणून मान्यता द्यावी, किमान वेतन व सामाजिक सुरक्षा द्यावी, अशी शिफारस केली. ती शिफारस धूळ खात पडली. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा जागतिक सन्मान केला. राज्यकर्त्यांनी टाळ्या वाजविल्या. त्याच आशांना २०२४ च्या फेब्रुवारीत मानधनवाढीचा शब्द पाळला जावा म्हणून मुंबईच्या आझाद मैदानावर ठाण मांडून बसावे लागले, तेव्हा कोठे मार्चमध्ये महिना पाच हजार रुपये वाढीचा शासन निर्णय निघाला. सन्मान जिनिव्हाहून येतो आणि मजुरी रस्त्यावर बसल्यावाचून मिळत नाही.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. जामखेडच्या सेविका तरी कोठे पगारी नोकर होत्या? तेथेही सेवाभावच होता. हे खरे आहे. पण स्वयंसेवी संस्थेपाशी तिजोरी नसते, कर बसविण्याचा अधिकार नसतो. तिने सेवाभावावर जे करून दाखविले ते राज्यसंस्थेने हक्काच्या पायावर करावयाचे असते. शिवाय जामखेडच्या बाईला जे मिळाले त्याची मोजदाद रुपयांत होत नव्हती: गावात मान, निर्णयात वाटा, बायकांच्या मंडळाचे बळ, पाठीशी रुग्णालय. सरकारने यांतले काही दिले नाही आणि पगारही दिला नाही. आशेच्या हाती नोंदवह्या व मोबाइल आला. तिने पाठविलेल्या रुग्णासाठी डॉक्टर जागेवर असेल की नाही हे मात्र तिच्या दैवावर सोडून दिले.

पाणी खाली, माणसे वर

या धोरणाचे फळ पाहायचे असेल तर अकोले तालुक्याकडे पाहावे. राघोजी भांगरे यांचा हा मुलूख. इंग्रजांनी १८४८ साली त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले. त्यांचे पुतळे आणि जयंत्या आज सर्वपक्षीय झाल्या आहेत. त्यांच्या वारसांच्या वाड्या मात्र कोणत्याच पक्षाच्या वाटेवर येत नाहीत. तालुक्याची जवळजवळ निम्मी वस्ती आदिवासी. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड यांच्या कुशीत घाटघर, साम्रद, रतनवाडी, कुमशेत, पाचनई अशी गावे आणि त्यांच्या दूरदूर पसरलेल्या वाड्या. पाऊस इतका की जिल्ह्यातील इतर तालुक्यांना हेवा वाटावा.

भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. शंभर वर्षे हे पाणी प्रवरेच्या पाटांतून संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर, नेवासे या तालुक्यांच्या शिवारात जाते. त्या पाण्यावर ऊस उभा राहिला, उसावर कारखाने, कारखान्यांवर बँका, शिक्षणसंस्था, रुग्णालये आणि आमदारक्या. पाण्याच्या उगमाशी राहणाऱ्या माणसाच्या वाट्याला भाताची एखादी खाचरे, उन्हाळ्यात कोरडा हंडा आणि पावसाळा सरला की मजुरीसाठी खाली उतरणे एवढेच आले. १९८६ साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झाले आणि रानातून मिळणाऱ्या अन्नावरही निर्बंध आले. घाटघरला वीजनिर्मितीचा प्रकल्प झाला. पाणी खाली गेले, वीज बाहेर गेली, रान सरकारजमा झाले. अशा मुलखातील मूल कमी वजनाचे का जन्मते याचे उत्तर शोधण्यासाठी समित्या नेमण्याचे कारण नाही.

आता या मुलखासाठी सरकारी नियम काय सांगतो? सपाटीवर ५००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र. डोंगराळ व आदिवासी भागात ३००० मागे एक. सपाटीवर ३०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. आदिवासी भागात २०,००० मागे. कागदावर ही सवलत वाटते. पण सपाटीवरचे ५००० लोक एका मोठ्या गावात सापडतात आणि डोंगरातले ३००० लोक कित्येक वाड्यांत, ओढ्यांच्या आणि सुळक्यांच्या अलीकडे-पलीकडे विखुरलेले असतात. मंत्रालयाने माणसे मोजली. वाट मोजली नाही. सर्पदंश झालेल्या मुलाला आपली वस्ती तीन हजारांत मोडते की पाच हजारांत, याच्याशी कर्तव्य नसते. विष चढण्याआधी प्रतिविष मिळते की नाही एवढाच त्याचा प्रश्न असतो. आरोग्यसेवेचा हक्क लोकसंख्येच्या भागाकाराने ठरविणे हा दुर्गम भागातील माणसावर केलेला गणिती अन्याय आहे.

आणि शेवटी तो जातो कोठे? तालुक्याच्या गावी जे नाही ते नगरच्या जिल्हा रुग्णालयात मिळेल म्हणून शंभर किलोमीटरहून लांबचा प्रवास करतो. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी त्याच जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि कोरोनावर उपचार घेणारे ११ रुग्ण दगावले. ज्याला खासगी दवाखाना परवडत नाही त्याचा हा अखेरचा आसरा. तो असा जळतो तेव्हा चौकशी समिती बसते, निलंबने होतात, मदत जाहीर होते. गरिबांची रुग्णालये अशा अवस्थेत कोणत्या धोरणाने आली, याची चौकशी कोणतीही समिती करीत नाही.

नकाशाबाहेरचे आदिवासी

अकोल्याच्या बाबतीत निदान कागदावर तरी काही आहे. अनुसूचित क्षेत्र आहे, राजूरला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. पण २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातील लोकसंख्येत जे सुमारे आठ टक्के आदिवासी आहेत, त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक अकोल्याबाहेर राहतात. पाटाच्या कडेला, वीटभट्टीवर, मोठ्या बागाईतदारांच्या वस्तीवर राहणारे भिल्ल. गावाबाहेरच्या माळावर पाल ठोकलेले पारधी. यांची गणना आदिवासींत होते, पण आदिवासी म्हणून आखलेल्या अनेक योजनांत त्यांना स्थान नाही, कारण त्या योजना माणसाला पाहत नाहीत, नकाशाला पाहतात.

एकच उदाहरण पुरे. गरोदर व स्तनदा मातांना रोज एक वेळचे ताजे, चौरस जेवण देणारी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना राज्याने २०१५ साली सुरू केली. ती अनुसूचित क्षेत्रापुरती. म्हणजे अकोल्याच्या डोंगरातील गरोदर बाई जेवणास पात्र. तीच बाई मजुरीसाठी राहुरीच्या शिवारात उतरली की अपात्र. आणि राहुरीतच पिढ्यानुपिढ्या राहणारी भिल्लीण तर कधीच पात्र नाही. पोटातल्या बाळाची भूक तालुक्याची सीमा ओलांडताच कशी नाहीशी होते, हे त्या योजनेच्या कर्त्यांनाच ठाऊक! डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने आदिवासींच्या आरोग्यावरील अहवाल २०१८ साली केंद्राला दिला. देशातील निम्म्याहून अधिक आदिवासी हे आदिवासीबहुल तालुक्यांच्या बाहेर राहतात, हे त्या समितीने स्पष्टपणे नोंदविले होते. या वस्तुस्थितीला अनुसरून योजनांच्या सीमा बदलायला हव्या होत्या. नकाशा मात्र तसाच राहिला.

पारध्यांची कथा याहून कठोर आहे. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून अनेक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले. स्वतंत्र भारताने १९५२ साली तो शिक्का कायद्यातून पुसला; पोलिसांच्या आणि गावाच्या मनातून तो पुसला गेला नाही. ज्याला गाव वस्ती करू देत नाही त्याला पत्ता नसतो; पत्ता नाही म्हणून शिधापत्रिका नाही; शिधापत्रिका नाही म्हणून आरोग्याचे कार्ड नाही. जातीच्या दाखल्यासाठी १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा मागितला जातो, आणि तोही ज्यांना त्या काळी वसाहतींच्या तारेच्या कुंपणात डांबले जात होते वा गावोगावी हाकलले जात होते त्यांच्याकडून. कुंपणातून सुटलेली माणसे अशी कागदांच्या कुंपणात अडकली आहेत.

जिल्ह्याच्या पूर्व आणि दक्षिण भागातील पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून हजारो कुटुंबे दरवर्षी कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. सहा महिने पाचटाच्या कोपीत संसार. गावच्या आशेच्या वहीत त्यांचे नाव असते, पण ती गावात नसतात. जेथे ती असतात तेथील वहीत त्यांचे नाव नसते. तोडणीचा खाडा झाला की मुकादम उचलीतून पैसे कापतो, म्हणून आजार अंगावर काढला जातो. त्याची परिणती शेजारच्या बीड जिल्ह्यात उघड झाली. २०१९ साली तेथे झालेल्या सरकारी पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. ज्या स्त्रीला साध्या पांढऱ्या धुपणीवर औषध देणारे सरकारी केंद्र सापडले नाही, तिला गर्भाशय काढून टाकणारा खासगी दवाखाना मात्र सापडला. प्राथमिक सेवेचा दुष्काळ आणि शस्त्रक्रियांचा सुकाळ ही एकाच धोरणाची दोन फळे आहेत.

विम्याचा पडदा

राज्यकर्ते म्हणतील, आता महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. २०२३ साली तिची मर्यादा पाच लाखांपर्यंत वाढवून ती सर्व कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय झाला. त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचारही निःशुल्क झाले. निःशुल्क उपचारांचे स्वागतच केले पाहिजे. पण ज्या केंद्रात डॉक्टर नाही तेथील मोफत उपचार म्हणजे कोरड्या विहिरीवरचा मोफत रहाट. आणि विमा काय करतो? तो आजार वाढून शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचल्यावर जागा होतो. गरोदरपणातील रक्तक्षय, मुलाचा जुलाब, क्षयाचा पहिला खोकला यांसाठी त्याच्या यादीत जागा नाही. यादीवरची रुग्णालये शहरांत. सरकारी पैसा विम्याच्या वाटेने खासगी रुग्णालयांच्या गल्ल्यात जातो आणि उपकेंद्राच्या छपराचे पत्रे तसेच गळत राहतात. ज्या जोतिरावांनी ज्ञान आणि सत्ता मूठभरांच्या हातून सोडविण्यासाठी आयुष्य वेचले, त्यांचे नाव या व्यवहाराला द्यावे, याहून क्रूर थट्टा नाही.

पैसा नाही, ही सबब जुनी आहे. १९४६ साली भोर समितीने सांगितले होते की पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारांवाचून राहता कामा नये. दर दहा ते वीस हजार वस्तीमागे ७५ खाटांचे रुग्णालय हे दूरचे उद्दिष्ट त्या समितीने ठरविले होते. ती समिती परकीय राजवटीने नेमलेली होती. स्वकीयांच्या राजवटीने २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्के खर्च २०२५ पर्यंत करण्याचे वचन दिले. २०२१-२२ च्या सरकारी हिशेबात हा खर्च १.८४ टक्के भरला, तोही महामारीच्या काळात. आणि आरोग्यावरील एकूण खर्चापैकी ३९ टक्क्यांहून अधिक लोकांनी आपल्या खिशातून केला. ज्याच्या खिशात काही नाही तो शेळी विकतो, उचल घेतो किंवा मरणाची वाट पाहतो. यांपैकी तिसऱ्या खर्चाची नोंद राष्ट्रीय हिशेबात होत नाही.

कार्यकर्त्यांपुढील काम

आदिवासी भगताकडे जातात, अंधश्रद्धाळू असतात, म्हणून मरतात, असे म्हणणारे सुशिक्षित शहरांत तर आहेतच, पुरोगामी वर्तुळातही आहेत. त्यांना जामखेडने केव्हाच उत्तर दिले आहे. निरक्षर बाईला ज्ञान दिले तर ती ते घेते, वापरते आणि वाटते. भगत रात्री दोन वाजता दार उघडतो आणि पैशांसाठी अडवीत नाही. ज्या दिवशी सरकारी केंद्र रात्री दोन वाजता उघडे असेल, त्या दिवशी भगताचे महत्त्व आपोआप कमी होईल. डॉक्टर डोंगरात जात नाहीत हा दुसरा युक्तिवाद. ज्या व्यवस्थेने वैद्यकीय शिक्षण लाखोंच्या शुल्काला विकले तिने डॉक्टरकडून त्यागाची अपेक्षा करावी हे हास्यास्पद आहे. चौंडीत ठरलेल्या सरकारी महाविद्यालयाची खरी कसोटी येथेच लागेल. तेथे अकोल्याच्या वाडीतील, पारध्याच्या पालातील मुलगी शिकणार की नाही, आणि शिकून बाहेर पडलेला डॉक्टर राजूरच्या पुढे जाणार की नाही, हे आजच ठरवून घेतले पाहिजे.

म्हणून मागण्याही मोघम असून चालणार नाही. आशा आणि अंगणवाडी सेविकांना कर्मचाऱ्याचा दर्जा व किमान वेतन. डोंगराळ भागात केंद्रे वाटेच्या वेळावर ठरवावीत, लोकसंख्येच्या भागाकारावर नव्हे. अमृत आहारासारखे हक्क नकाशाला न बांधता माणसाला बांधावेत; ती जेथे जाईल तेथे ते तिच्यासोबत जावेत. ऊसतोडीच्या हंगामात प्रत्येक कारखान्याच्या तळावर सरकारी आरोग्यपथक आणि त्याचा भार कारखान्यावर. पारधी व भटक्यांना स्थळपाहणीवर दाखले. आणि विम्याआधी प्राथमिक केंद्रांची रिक्त पदे.

या मागण्या निवेदनांनी पुऱ्या होणार नाहीत. २०२३ च्या एप्रिलमध्ये किसान सभेच्या नेतृत्वाखाली शेतकरी-आदिवासींचा मोर्चा अकोल्याहून लोणीच्या दिशेने पायी निघाला. डोंगरातली माणसे पाण्याच्याच वाटेने खाली उतरत आहेत हे दिसताच मंत्र्यांना वाटेतच वाटाघाटींसाठी यावे लागले. जमीन आणि वनहक्कांसाठी जी एकजूट शक्य झाली ती आरोग्यासाठी अशक्य नाही. पेसाचे महाराष्ट्रातील नियम २०१४ साली झाले. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधीही मिळतो. परिचारिका किती दिवस हजर होती, कोणते औषध संपले होते, प्रतिविष होते की नव्हते, याचा जाब ग्रामसभेत विचारण्याची सवय कार्यकर्त्यांनी लावली पाहिजे. सपाटीवरील शाखांनी आपापल्या तालुक्यातील भिल्ल आणि पारधी वस्त्यांची यादी करावी, दाखले व शिधापत्रिका नसलेल्यांची नावे तहसीलदारांपुढे ठेवावीत, आणि आशांचा पुढचा संप हा आपलाच संप समजावा.

जामखेडच्या बायकांनी दाखवून दिले की आरोग्य ही वरून मिळणारी भीक नसून खालून घडणारे परिवर्तन आहे. पण त्या परिवर्तनाचा खर्च गरिबांच्याच श्रमातून भागवावा, असा अर्थ सरकारने त्यातून काढला. तो अर्थ खोडून काढणे आणि जे टाकून दिले ते समतेचे सूत्र पुन्हा धोरणाच्या केंद्रस्थानी आणणे, हे काम कोणतेही मंत्रिमंडळ आपण होऊन करणार नाही. ते चळवळीलाच करावे लागेल, आणि त्याची सुरुवात भंडारदऱ्याच्या वरच्या वाड्यांपासून व पाटाच्या कडेच्या पालांपासून करावी लागेल.